वर्गणी घेऊन ईमेलनं पत्र चालवायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कारभारावर मी दर शनिवारी सकाळी सात वाजता ईमेलनं एक पत्र पाठवते. वर्गणी वर्षाला ९०० रुपये. त्याआधी सात वर्षं आमच्या सोसायटीची सचिव होते, भांडवल तेवढंच. हल्ली पत्राला येणाऱ्या उत्तरांत पार्किंग आणि गळतीच्या जोडीला "हे तुम्ही चालवता कसं?" हाही प्रश्न असतो. तेच ते पुन्हा टाइप करून बोटं दुखली, म्हणून सगळं एका जागी.

१. सशुल्क न्यूजलेटर म्हणजे नक्की काय?

ठरल्या दिवशी वाचकाच्या इनबॉक्समध्ये येणारं पत्र, ज्याची वर्गणी त्यानं आगाऊ भरलेली असते. पोस्टानं घरी येणारं मासिक आठवा. वर्गणी संपत आली की त्यात एक चिठ्ठी निघायची. पद्धत तीच, पोस्टमन तेवढा बदलला. इंग्रजीत २०१७ मध्ये सबस्टॅक ही अशी पत्रं चालवून देणारी सेवा निघाल्यावर हा प्रकार बोकाळला. पण बेन थॉम्प्सन या लेखकानं त्याआधीच, २०१४ पासून, ‘स्ट्रॅटेचेरी’ या तंत्रज्ञान-व्यवसायावरच्या आपल्या पत्रासाठी वर्गणी घ्यायला सुरुवात केली होती, तीही एकट्याच्या बळावर.

२. मराठीत पैसे देऊन वाचतंय कोण? लोकांना सगळं फुकट हवं असतं.

फुकट हवं असतं हे खरं. पण ज्याचं काम अडलंय तो पैसे देतो. माझंच सांगते. संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि उपविधींप्रमाणे (म्हणजे संस्थेच्या नियमावलीप्रमाणे) तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी जावी लागते. नोटीस काढलेला दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात डोंबिवलीतला एखादा सचिव रात्री अकरा वाजता कॅलेंडर पुढ्यात घेऊन दिवस मोजत असतो, कारण एक दिवस चुकला तर तिसऱ्या मजल्यावरचे काका सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याच्या लेखी ९०० रुपये हा वाचनाचा खर्च नाही, डोक्याचा ताप वाचवण्याचा आहे.

दुसरी जात सवयीच्या वाचकाची. एका विशिष्ट माणसाचं लिहिणं रविवारच्या चहाबरोबर लागतंच, अशांची. हा वाचक जोडायला वर्षं जातात, पण एकदा जोडला की सोडत नाही. या दोन्हींच्या मध्ये, म्हणजे ‘सर्वांसाठी काही ना काही’ छापाचं जे असतं, त्याला कौतुक भरपूर मिळतं. वर्गणी मिळत नाही.

३. माझा विषय चालेल का, हे आधी कसं कळणार?

कागद घ्या. एका बाजूला वीस अंकांचे मथळे लिहा, दुसऱ्या बाजूला पैसे देतील अशा दहा ओळखीच्या माणसांची नावं. मथळे बाराव्यावर अडले तर विषय लहान आहे. नावं चारवर अडली तर विषय तुमच्या आवडीचा आहे, त्यांच्या गरजेचा नाही.

४. किती कमाई होते? खरं सांगा.

सबस्टॅक म्हणतं, फुकट वाचणाऱ्यांपैकी ५ ते १० टक्के लोक पैसे देणारे होतात. मराठीसाठी हिशेब मांडताना मी चारच धरते.

समजा, फुकट यादीत १,००० जण आहेत. त्यातले ४० वर्गणीदार, प्रत्येकी ९०० म्हणजे वर्षाला ३६,०००. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे गोळा करून आपल्या खात्यात देणारी सेवा) साधारण २ टक्के घेतो आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के गेले: ८५० रुपये. उरले ३५,१५०. महिन्याला २,९०० रुपयांच्या आसपास, आणि त्यासाठी आठवड्याला एक असे बावन्न अंक. याच दरात महिन्याला ३०,००० हवे असतील तर सुमारे ४१० वर्गणीदार लागतील, म्हणजे फुकट यादी दहा हजारांच्या वर. नोकरी सोडायचा विचार करत असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा.

पत्रातून येणारे पैसे वर्गणीचेच असतात असं मात्र नाही. पत्र वाचून कुणी कार्यशाळेला बोलावतं, कुणी सल्ल्याचं काम देतं. पहिल्या दोन वर्षांत ती बाजू वर्गणीपेक्षा जड भरली तर नवल वाटून घेऊ नका.

५. वर्गणी महिन्याची ठेवू की वर्षाची? आणि किती?

वर्षाची. महिन्याला ७५ रुपये म्हटलं की ऐकायला हलकं वाटतं, पण दर महिन्याचे पैसे आपोआप वळते करायचे तर कार्डावर किंवा यूपीआय ऑटोपेवर ई-मँडेट, म्हणजे पैसे कापण्याची आगाऊ संमती, घ्यावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांमुळे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. ग्राहकाच्या दृष्टीनं नियम चांगलाच आहे. आपल्या दृष्टीनं, ‘हे बंद करायचं का?’ असं आपणच वाचकाला वर्षातून बारा वेळा विचारतो. वार्षिक वर्गणीत तो प्रश्न एकदाच येतो, आणि मासिकांमुळे मराठी वाचकाला तिची सवयही आहे.

आकड्याबद्दल एकच सांगते: फार स्वस्त ठेवू नका. १९९ रुपये देणारा आणि ९०० देणारा या दोघांच्या तक्रारी सारख्याच असतात. पहिल्याच्या जरा जास्त, हा माझा अनुभव.

६. सबस्टॅकवर खातं काढलं, पण पैसे घेण्याचा पर्याय चालू होत नाही. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही. सबस्टॅकवरचे पैसे स्ट्राइप या परदेशी पेमेंट गेटवेमार्फत येतात, आणि २०२४ पासून भारतात स्ट्राइप नवीन खाती आमंत्रणाशिवाय देत नाही. घोस्ट आणि बीहाइव्ह या सबस्टॅकसारख्याच सेवांचंही गाडं स्ट्राइपवरच आहे, त्यामुळे तिकडे उडी मारून अडचण सुटत नाही. म्हणून भारतातले बरेच जण वर्गणी रेझरपेसारख्या देशी गेटवेच्या पानावर घेतात आणि पत्र दुसऱ्या साधनानं पाठवतात (प्रश्न ७).

"नुसता क्यूआर कोड टाकला तर?" वीस वर्गणीदारांपर्यंत चालतं. मग एके दिवशी बँकेच्या यादीत ‘एस के’ नावाचे ९०० रुपये दिसतात. ना ईमेल, ना फोन. दहा दिवसांनी एक खरमरीत पत्र येतं की पैसे देऊनही अंक नाही, आणि सही ‘सुनंदा’. आडनावही नाही. गेटवेच्या पानावर ईमेलचा रकाना सक्तीचा करता येतो. त्याचे दोन टक्के द्यायला जिवावर येऊ देऊ नका.

७. साध्या जीमेलवरून पाठवलं तर चालेल का?

पन्नास जणांपर्यंत चालेल. फुकट जीमेलवरून दिवसाला ५०० जणांनाच पाठवता येतं. शिवाय सगळ्यांचे पत्ते बीसीसीमध्ये (जिथं ते एकमेकांना दिसत नाहीत) टाकताना एकदा तरी ते सीसीमध्ये (जिथं दिसतात) पडतात आणि चारशे अनोळखी माणसं एकमेकांना ‘रिप्लाय ऑल’ करू लागतात. यादी वाढली की स्वतंत्र साधन घ्या. तांत्रिक अंग असलेलं कुणी घरात असेल तर लिस्टमंक पाहा. झिरोधा या शेअर दलाली कंपनीचे तंत्रप्रमुख कैलाश नाध यांनी बनवलेलं हे साधन मुक्तस्रोत आणि फुकट आहे. फक्त ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवावं लागतं. पत्रं ॲमेझॉनच्या एसईएस या ईमेल पाठवणाऱ्या सेवेतून गेली तर हजार ईमेलना १० सेंट पडतात. हे सगळं झेपणार नसेल तर सरळ महिन्याचं भाडं घेणारी सेवा वापरा. यादी कधीही उतरवून घेता येते ना, एवढंच आधी तपासा.

८. आमचे लोक ईमेल उघडतच नाहीत. व्हॉट्सॲपवर का नको?

व्हॉट्सॲप दवंडीसाठी ठेवा. ग्रुपमध्ये १,०२४ जणांची मर्यादा आणि प्रत्येकाचा फोन नंबर बाकीच्यांना उघडा. चॅनेलमध्ये वाचकांची यादीच तुमच्या हाती नसते. शिवाय तिथं तुमचा अंक सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो आणि मार्चमध्ये वाचलेलं सप्टेंबरमध्ये शोधून सापडत नाही. मी शुक्रवारी संध्याकाळी तीन ओळी टाकते, ‘उद्या: भाडेकरू ठेवला तर बिनभोगवटा शुल्क किती?’ उत्तर (सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत) कशाच्या आधारे आणि ते कुणाला लागू नाही, हे ईमेलमध्ये. ‘ईमेल बघत नाही’ म्हणणारे बँकेचा ईमेल बरोबर बघतात, हेही लक्षात असू द्या.

९. पहिले शंभर वाचक कुठून आणायचे?

कुठून आणू नयेत ते आधी. सुरुवातीला मी एका मेळाव्याच्या उपस्थितांची यादी मिळवली आणि त्यातल्या सगळ्या पत्त्यांवर न विचारता पत्र पाठवलं. बऱ्याच जणांनी ते स्पॅम म्हणून नोंदवलं. पुढचे दोन महिने माझी पत्रं खऱ्या वाचकांनाही मिळेनात. त्यातून बाहेर पडायला डोमेन (ईमेल पत्त्यातला @ नंतरचा भाग) बदलावं लागलं. आता तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. न विचारता पत्ता वापरणं हे वाईट वागणं तर आहेच, शिवाय कायद्याच्या कचाट्यात सापडण्याची सोय.

मिळाले कुठून? माझे पहिले सतरा आमच्याच रस्त्यावरच्या सोसायट्यांचे सचिव आणि खजिनदार. प्रत्येकाला फोन केला. त्यानंतर एकेका प्रश्नाला धरून लेख लिहिले आणि जिथं तो प्रश्न विचारला जातो तिथं उत्तर दिलं, खाली पत्राचा दुवा. दुसऱ्या एखाद्या पत्रवाल्यानं तुमची शिफारस केली तर ते सोन्याहून पिवळं, कारण त्याचे वाचक आधीच ईमेलवर वाचणारे असतात. जाहिरातीवर पैसे घालून पाहिले. नावं आली, वाचक आले नाहीत.

१०. फुकट किती द्यायचं आणि वर्गणीत किती?

फुकट अंकात ‘काय’ आणि ‘का’ सांगते, वर्गणीच्या अंकात ‘कसं’. म्हणजे सभेची नोटीस चुकली तर काय होतं हे सगळ्यांना. नोटिशीचा मसुदा, विषयपत्रिका आणि तारखांचा तक्ता वर्गणीदारांना. महिन्यात चारपैकी एक अंक पूर्ण फुकट. उत्तम अंक राखून ठेवून फुकटवाल्यांना उरलंसुरलं वाढू नका. तेच पुढचे वर्गणीदार आहेत.

११. पत्र स्पॅममध्ये किंवा ‘प्रमोशन्स’मध्ये जातं. उपाय?

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं मोठ्या संख्येनं पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. स्वतःचं डोमेन घ्या आणि त्यावर एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तीन नोंदी करून घ्या. ‘हे पत्र खरंच माझ्याकडूनच आलंय’ याची ती ओळखपत्रं आहेत. एका टिचकीत नाव काढता आलं पाहिजे, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहिल्या पाहिजेत. म्हणजे हजारात तीन तक्रारी आल्या तरी मर्यादा गाठली जाते. नाव काढण्याचा दुवा लपवून ठेवणारे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात: दुवा सापडला नाही की माणूस ‘स्पॅम’ दाबतो. बाकी स्वागताच्या पत्रात वाचकाला एक साधा प्रश्न विचारा आणि उत्तर द्यायला सांगा. त्यानं उत्तर दिलं की पुढची पत्रं नीट पोचण्याची शक्यता वाढते. आणि त्या उत्तरांतून अंकांचे विषय मिळतात ते वेगळेच.

१२. अंक अर्ध्यावर कापला जातो आणि खाली ‘संपूर्ण मेसेज पाहा’ येतं. इंग्रजी पत्रांचं असं होत नाही!

हा माझा आवडता प्रश्न, कारण हे दुखणं खास आपलं आहे. जीमेल १०२ केबीपेक्षा मोठा मेसेज कापतं. रोमन लिपीतलं एक अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. तोच शब्द रोमनमध्ये सात. दोन हजार शब्दांचा मराठी मजकूरच ३५ ते ४० केबी खातो. वर्डमधून थेट चिकटवलं की त्यासोबत येणारा अदृश्य केरकचरा उरलेली जागा भरतो. मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाका, तिथून उचला, मग ठळक वगैरे करा. चित्रांची काळजी नको, ती सहसा दुव्यानं येतात.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेलं असेल तर वाचकाला कंस आणि स्वल्पविरामांची रांगोळी दिसेल. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा.

१३. ओपन रेट (पत्र उघडणाऱ्यांचं प्रमाण) सत्तर टक्के दिसतो, मग वर्गणी का येत नाही?

कारण तो आकडा फुगलेला आहे. पत्रातलं एक अदृश्य चित्र उतरलं की पत्र ‘उघडलं’ असं धरतात. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप वाचकानं पत्र उघडलं नाही तरी आतलं चित्र आधीच आणून ठेवतं, आणि यंत्र समजतं उघडलं. उत्तरं किती आली आणि दुवे किती जणांनी दाबले हे मोजा.

१४. एक जण वर्गणी भरतो आणि अंक चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकतो. कसं थांबवू?

थांबवता येत नाही. मी सुरुवातीला फार चिडचिड केली, मग संस्थेच्या नावानं वर्गणी सुरू केली: २,००० रुपये, पाच ईमेल पत्ते. सोसायट्यांना ती सोयीचीही पडली, कारण खर्च समितीच्या मंजुरीनं दाखवता येतो. मात्र पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव, तारीख आणि अनुक्रमांक लागतो, नाहीतर लेखापरीक्षक विचारतो. अंकाच्या तळाशी एक ओळही घातली आहे: ‘हा अंक कुणी पाठवला असेल तर त्यांचे आभार माना, आणि पुढचा स्वतः मागवा.’ तिच्यातून वर्गणीदार येतात. पूर्ण अंक जसाच्या तसा स्वतःच्या नावानं छापणाऱ्याला मात्र लेखी कळवा, तो वेगळा गुन्हा.

१५. अमेरिकेतल्या, दुबईतल्या मराठी वाचकांकडून पैसे कसे घ्यायचे?

देशी गेटवेवर परदेशी कार्डं स्वतंत्रपणे चालू करून घ्यावी लागतात. त्याची कागदपत्रं आणि शुल्क दोन्ही जास्त. पेपालनं एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात व्यवहार बंद केले, पण परदेशातून पैसे येऊ शकतात. वेळ पाहून घ्या: आपल्या शनिवारी सकाळी सातला उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारचे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. माझ्या तिकडच्या वाचकांचे पुण्यात बंद फ्लॅट आहेत आणि त्यांना सोसायटीच्या सभांचे निरोप मिळत नाहीत, त्यामुळे ते माझे सर्वांत टिकाऊ वर्गणीदार.

१६. जीएसटी, इन्कम टॅक्स?

सेवांसाठी वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. उलाढाल तुमच्या सगळ्या व्यवसायांची मिळून धरतात, फक्त पत्राची नाही. नोंदणी झाली की वर्गणीवर साधारणपणे १८ टक्के. छापील वृत्तपत्राची सवलत ईमेलला मिळत नाही. परदेशी वर्गणी असेल तर सीएला विचारा.

आयकरात हे उत्पन्न दाखवावंच लागतं. डोमेन, साधनांचं भाडं, गेटवेचं शुल्क हा खर्च वजा होतो, म्हणून बिलं ठेवा. वर्षाचा कर १०,००० च्या वर जाणार असेल तर आगाऊ कराचे हप्ते लागू शकतात: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू असल्यानं जुन्या व्हिडिओंतले कलमांचे आकडे तसेच्या तसे घेऊ नका.

१७. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे / सरकारी नोकरीत आहे. वर्गणी घेऊ शकतो का?

आधी लेखी परवानगी. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत, जिल्हा परिषदेत तिथले वर्तणूक नियम. प्रासंगिक साहित्यिक लेखनाकडे नियम सौम्यपणे बघतात, पण दर आठवड्याला पैसे घेऊन लिहिणं ‘प्रासंगिक’ आहे असं पटवणं अवघड. बायकोच्या नावावर काढायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाच असेल. लिहिणारे तुम्ही आहात हे गावाला माहीत असताना तो देऊ नये आणि घेऊही नये.

१८. मासिकासारखी सरकारकडे नोंदणी करावी लागते का?

नुसत्या ईमेल पत्राला नाही. १ मार्च २०२४ पासून लागू झालेला नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा छापील प्रकाशनांसाठी आहे. मात्र तुम्ही बातम्या आणि चालू घडामोडी देत असाल तर २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम वाचा.

१९. दुसऱ्यांच्या कविता, उतारे, कायद्याची कलमं घेतली तर?

रसग्रहणासाठी चार ओळी उद्धृत करणं वेगळं आणि सशुल्क अंकात अख्खी कविता छापणं वेगळं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत. मरणोत्तर प्रकाशित झालेल्या लेखनाला मात्र प्रकाशनापासून साठ वर्षं मोजतात: बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, कविता पुस्तकरूपानं आल्या १९५२ मध्ये. माझं काम त्या मानानं सोपं. कायद्याची कलमं स्वतःच्या भाष्यासह आणि न्यायालयांचे निकाल छापायला सहसा अडचण नसते.

२०. आजीव वर्गणी ठेवू का? एकदम पैसे येतील.

नको. पैसे एकदा येतात, अंक आयुष्यभर द्यावा लागतो. वर त्यात आयुष्य कुणाचं, तुमचं की वाचकाचं, हे लिहायला लोक विसरतात.

२१. मध्येच बंद करावं लागलं तर भरलेल्या पैशांचं काय?

उरलेल्या महिन्यांचे परत करायचे. ९०० म्हणजे महिन्याला ७५. वर्गणी १ जूनला भरलेली आणि तुम्ही ऑक्टोबरअखेर थांबलात तर सात महिन्यांचे ५२५. हे जमावं म्हणून वर्गणी वेगळ्या खात्यात ठेवा आणि दर महिन्याला बारावा हिस्साच आपल्याकडे घ्या. गेटवेनं कापलेलं शुल्क परत येत नाही, ती झळ आपली. आणि पैसे पाठवण्याआधी वाचकाला कळवा. मी एकदा एका आजोबांना न सांगता ५२५ रुपये परत केले. खात्यात अनोळखी पैसे आले म्हणून ते पासबुक घेऊन बँकेत गेले, आणि तिथून त्यांनी मला फोन लावला, "ताई, हा काही फ्रॉड तर नाही ना?"